सहा महिन्यांनी कुलूप उघडताना

पितृपक्ष संपून नवरात्राचे घट बसले की ठाण्याच्या नौपाड्यात, पाचपाखाडीत, डोंबिवलीच्या रामनगर-टिळकनगरात, कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत मे महिन्यापासून बंद असलेली दारं एकेक करून उघडू लागतात. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा मुलीकडे सिएटलला गेलेले आईवडील परत आलेले असतात. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेला राहायला मिळतं साधारण सहा महिने. तेव्हा उन्हाळा तिकडे काढायचा आणि थंडी पडायच्या आत, दिवाळीला, आपल्या घरी यायचं, असा हिशेब बहुतेकांनी बसवलेला असतो. हिशेब चांगला आहे. फक्त त्यात घर बंद राहतं ते नेमकं पावसाळाभर, आणि तेही खाडीकाठच्या दमट हवेत.

जायची तयारी दोन-तीन महिने चालते. मेतकूट, भाजणी, औषधांची पाकिटं, विमा, सगळं यादीबरहुकूम. परतीची तयारी मात्र बॅगा वजनकाट्यावर ठेवण्यापुरती उरते, कारण 'आपल्याच घरी तर जायचंय' असं वाटत असतं. पण ते घर तुमच्याशिवाय चार महिने पाऊस खाऊन बसलंय, आणि तुमच्या शरीराचं घड्याळ अजून न्यू जर्सीच्या वेळेवर आहे. म्हणून पहिल्या दिवशी घर चालू करायला जाऊ नका, नुसतं उघडा. चालू करायला पुढचा आठवडा आहे.

किल्ली कोणाकडे आहे?

खरं तर परतणं सोपं जाणार की अवघड, हे मे महिन्यातच ठरलेलं असतं. शेजारी किंवा गावातल्या गावात राहणाऱ्या भावाकडे, नणंदेकडे किल्ली ठेवली असेल, तर अर्धं काम झालं. हल्ली बरेच जण किल्ली कोणालाच देत नाहीत. दिवाणखान्यात कॅमेरा बसवतात आणि टेक्सासमधून घर बघतात. मला हा प्रकार पटत नाही. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या. दोन्ही वेळा पाऊस तोंडावर होता. अशा वेळी फुटलेली काच कॅमेरा दाखवील, पण तिला प्लॅस्टिक लावायला माणूसच लागतो.

परतायच्या दोन आठवडे आधी किल्लीवाल्यांना फोन करा. 'येतोय' एवढंच सांगून थांबू नका. एकदा दार उघडून आत चक्कर मारायला सांगा, कुठे गळलंय का, वीज आहे का ते बघायला सांगा. तुमच्या कामवाल्या मावशींना त्यांच्यासमोर आदल्या दिवशी बोलवून एक झोपायची खोली, स्वयंपाकघराचा ओटा आणि संडास-न्हाणी एवढंच पुसून घ्या. अख्खं घर नको. रात्री दोनला पोहोचल्यावर तुम्हाला एवढंच लागणार आहे. वीजबिल तिकडूनच ऑनलाइन बघून भरून टाका. बंद घरालाही महावितरणचा स्थिर आकार लागतच असतो, आणि तो सहा महिने थकला तर मीटरशी भलताच संवाद करावा लागतो.

मोबाइलचं आधी बघा. प्रीपेड सिम तीन महिने अजिबात वापरलं नाही, रिचार्जही नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. मग बँकेचा ओटीपी येत नाही आणि विमानतळावर गाडीही बोलावता येत नाही. तिकडे असताना रिचार्ज चालू ठेवणं हा फार थोडक्यातला विमा आहे.

हातातल्या पिशवीत तीन गोष्टी हव्यात: घराची किल्ली, दहा दिवसांची औषधं आणि एक धुतलेली चादर. किल्ली मोठ्या बॅगेत टाकणारे महाभाग दर वर्षी निघतात, आणि बॅग मागच्या विमानाने येते. चादरीचं कारण घरी कपाट उघडल्यावर कळेल. बॅग खरंच आली नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. घरी जाऊन फोन करू म्हणालात, की प्रकरण लांबतं.

रात्री दोन वाजता

सहारच्या टर्मिनल दोनवर परदेशी विमानं बहुधा अपरात्री उतरतात. ठाण्याला यायला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि पूर्व द्रुतगती मार्ग हा सरळ रस्ता आहे. डोंबिवलीकरांपुढे दोन वाटा असतात. एक ऐरोली-महापेवरून शिळफाटा आणि कल्याण-शीळ रस्ता, दुसरी ठाण्यावरून भिवंडी बाह्यवळण आणि माणकोलीचा नवा पूल. पश्चिमेला, मोठागावाच्या बाजूला राहत असाल तर दुसरी सोयीची. शिळफाट्याला रात्री अवजड गाड्यांची रांग असते, दमलेल्या माणसाने तिच्यात अडकू नये. आणखी एक: मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरचा हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून बंद झालाय. मुलुंडचा किंवा ऐरोलीचा टोल म्हणून ड्रायव्हरने पैसे मागितले, तर ते द्यायचे नाहीत.

दाराशी आल्यावर कुलूप तुटलेलं किंवा कडी उचकटलेली दिसली, तर आत जाऊ नका, कशालाही हात लावू नका. ११२ला फोन करा आणि शेजाऱ्यांना उठवा. तसं काही नसेल, तरी पावसाने फुगलेलं लाकडी दार आणि गंजलेलं कुलूप दहा मिनिटं खातंच. किल्लीवाल्यांनी आधी उघडून पाहिलं असेल तर हा तमाशा वाचतो.

आत शिरल्यावर दिव्याच्या बटणाला हात लावण्याआधी नाकाने श्वास घ्या. मोबाइलची बॅटरी बाहेरच लावून घ्या आणि तिच्या उजेडात खिडक्या उघडा. वासावरून तीन गोष्टी कळतात. कुबट वास बुरशीचा, गटारासारखा वास न्हाणीच्या जाळीतून येणारा, आणि गॅसचा वास तर ओळखूच येतो. नळाचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे साठतो. सिलेंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो. वास आलाच तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, दारं-खिडक्या सताड उघडून बाहेर या आणि बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

गॅसचा वास नसला तरच मेन स्विच लावा, आणि घरातले सगळे स्विच एकदम लावू नका. पावसाळ्यात एखाद्या बाहेरच्या भिंतीतल्या पॉइंटमध्ये ओल शिरलेली असते. मग गळती ओळखणारा ब्रेकर पुन्हा पुन्हा पडतो. तो हट्टाने वर करत बसू नका. ब्रेकर त्याचं काम करतोय. ज्या खोलीमुळे पडतो तिचा स्विच खाली ठेवा आणि सकाळी वायरमनला बोलवा. त्या रात्री एक दिवा आणि एक पंखा पुरतो. गीझरही लगेच लावू नका, आधी गरम पाण्याचा नळ सोडून धार नीट येते का ते पाहा. टाकी रिकामी असताना लावलेला गीझर जळतो.

चादर पसरा आणि झोपा.

पाणी, बुरशी आणि पोरकिडे

दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम पाण्याचं. सहा महिने नळात आणि माळ्यावरच्या टाकीत उभं राहिलेलं पाणी वापरायचं नसतं. टाकी रिकामी करून घासून घ्या, मग सगळे नळ पाच-दहा मिनिटं सोडा. गीझरमधलं जुनं पाणीही एकदा पूर्ण तापवून काढून टाका, आणि ते काढताना खिडकी उघडी ठेवा, वाफ तोंडावर घेऊ नका. साठलेल्या कोमट पाण्यात वाढणारे काही जंतू वाफेतून फुप्फुसात जातात, आणि साठीपुढच्या माणसांना ते जास्त त्रास देतात. फिल्टरची मेणबत्ती किंवा मेम्ब्रेन बदलल्याशिवाय त्याचं पाणी पिऊ नका. पहिले काही दिवस उकळलेलं पाणीच बरं. पाणी बंदचा वार कोणता आहे हे सोसायटीच्या ग्रुपवर विचारून घ्या, नाहीतर टाकी धुवायला त्याच दिवशी रिकामी कराल.

न्हाणीतून आणि बेसिनखालून येणाऱ्या वासाचं कारण साधं आहे. जाळीखालच्या वळणात नेहमी थोडं पाणी थांबलेलं असतं, ते गटाराचा वायू आणि झुरळं अडवतं. घर बंद असलं की ते वाळून जातं. प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता, वास तासाभरात जातो. लोक मात्र आधी फिनेलच्या बाटल्या संपवतात.

याच्या उलटही असतं. काही ठिकाणी पाणी वाळण्याऐवजी साठलेलं असतं: गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या पाठीमागचा ट्रे, कूलर, न वापरलेल्या संडासाचं भांडं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, उभ्या पाण्यात अंडी घालतो, आणि तुम्ही उतरता तो काळ आपल्याकडे डेंग्यूचाच असतो. हे सगळं ओतून, घासून कोरडं करा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही.

गॅलरीचं म्हणाल, तर तिथे आता कबुतरांचा संसार असेल. वाळलेली विष्ठा झाडूने झाडायची नाही. तिची धूळ श्वासातून आत गेली की फुप्फुसांना सूज येऊ शकते, आणि काहींच्या बाबतीत ती कायमची इजा करते. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून एवढा वाद झाला त्याच्या मुळाशी हेच होतं. नाकावर मास्क, हातात मोजे, आधी पाणी शिंपडून सगळं ओलं करायचं आणि मग खरवडायचं. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं.

बुरशीला घाबरून जायचं कारण नाही. ऑक्टोबरचं ऊन हे तुमचं सगळ्यात स्वस्त औषध. कपाटांची दारं चार-पाच दिवस उघडी ठेवा. गाद्या, उशा, सुती कपडे उन्हात टाका. पैठण्या आणि रेशमी साड्या उन्हात नव्हे, सावलीत, वाऱ्यावर, आणि परत ठेवताना घड्या बदलून. चामड्याच्या चपला, पट्टे, हार्मोनियमचा भाता, पुस्तकांच्या कडा यांवरची बुरशी कोरड्या फडक्याने गॅलरीत जाऊन पुसा, घरात झटकू नका. भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला असेल तर तो रंगवण्याआधी त्याचा फोटो काढा आणि सोसायटीला लेखी पत्र द्या. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल ही सोसायटीची जबाबदारी. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीतून आलेली असेल तर ते त्या सभासदाशीच बोलावं लागतं. रंगवून टाकल्यावर पुरावा राहत नाही.

स्वयंपाकघरात रवा, मैदा, बेसन उरलं असेल तर चाळत बसू नका, टाकून द्या. तांदळात पोरकिडे झाले असतील तर ते उन्हात पसरून, निवडून वापरता येतात. डाळींचंही तसंच, मात्र भुंग्यांनी पोखरून पीठ पाडलं असेल तर त्यांचा मोह धरू नये. फ्रिज दार लावून बंद ठेवला असेल तर आत काळी बुरशी असते. सोड्याच्या पाण्याने पुसून दिवसभर उघडा ठेवा, मगच लावा. गॅसची नारिंगी रबरी नळी हाताने वाकवून बघा, भेगा दिसल्या किंवा तिच्यावरची मुदत उलटली असेल तर बदला.

पण या चार-पाच दिवसांत स्वयंपाक करायचाच कशाला? ठाणे-डोंबिवलीत राहण्याचा हाच तर फायदा आहे. पावलापावलावर पोळीभाजी केंद्रं आहेत. पोळ्या, एक भाजी, वरणभात आणा आणि घरात हात चालवा. वर्षानुवर्षं घरचंच खाल्लेल्या गृहिणींना हे अपराधासारखं वाटतं. वाटू द्या. बाकी मामलेदारची मिसळ आणि कल्याणचा खिडकी वडा यांना आठ दिवस थांबवून ठेवा. सहा महिने सौम्य खाल्लेल्या पोटाला तर्री एकदम झेपत नाही, आणि आजारपण आलं की त्याचं खापर इथल्या पाण्यावर फुटतं.

झोप उलटी, पाय सुजलेले

न्यू जर्सी आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक आहे, कॅलिफोर्नियाशी साडेबारा तासांचा. पश्चिमेकडे जाताना जेवढा त्रास होतो त्यापेक्षा पूर्वेकडे येताना जास्त होतो, आणि शरीर साधारण दिवसाला एक तास या चालीने जुळवून घेतं. म्हणजे दहा-बारा दिवस धरूनच चाला. दुपारी चारला डोळे मिटायला लागणं आणि रात्री दोनला टक्क जागं होणं हा आजार नाही. सकाळचं ऊन अंगावर घ्या, हाच खरा उपाय. ठाण्यात तलावपाळी किंवा कचराळी तलाव, डोंबिवलीत भागशाळा मैदान, कल्याणात काळा तलाव, जिथे तुमचा कट्टा असेल तिथे सातच्या सुमारास जा. दुपारी झोपायचंच तर अर्धा तास, गजर लावून. रात्री जाग आली तर मोबाइल हातात घेऊ नका. तिकडे दिवस असतो, आणि मुलाचा हिरवा ठिपका दिसला की दोन तास गेलेच.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्यांच्या वेळा हा मात्र अंदाजाचा विषय नाही. विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांकडून प्रवासाच्या दिवसाचं आणि पुढच्या दोन दिवसांचं वेळापत्रक लिहून घ्यावं. लांबच्या विमानप्रवासाने दोन्ही पाय थोडे सुजतात, ते एक-दोन दिवसांत उतरतात. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा धाप लागली, तर वाट न पाहता डॉक्टरकडे जा. शिरेत गुठळी झालेली असू शकते. आठवडा उलटल्यावर साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या. तिकडच्या दवाखान्यात दाखवलं असेल तर त्याचे कागद नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि प्रवासविम्याचा दावा असेल तर त्याची मुदत उलटू देऊ नका.

एक धोका कोणी सांगत नाही. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायची सवय लागते. ती सवय घेऊन फडके रोडला किंवा गोखले रोडला उतरलात तर रिक्षा उजवीकडून येते. शिवाय तिकडे पादचारी दिसला की गाडी थांबते. पहिला आठवडा रस्ता ओलांडताना हात कोणाच्या तरी हातात असू द्या. बँकेत, दवाखान्यात जातानाही गर्दीच्या वेळेची लोकल टाळा.

कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत

कागदांची घाई नाही, पण नोव्हेंबर विसरू नका. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला याच महिन्यात द्यावा लागतो. केंद्राच्या ऐंशीपुढच्या निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएफच्या पेन्शनला असा ठरावीक महिना नाही, दिलेल्या तारखेपासून वर्षभर तो चालतो. 'जीवन प्रमाण' मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, त्यामुळे झोप उलटी असताना बँकेच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. मेडिक्लेमचा हप्ता तुम्ही नसताना चुकला असेल, तर वार्षिक पॉलिसीला साधारण ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरला तर जुन्या आजारांची वर्षं वाया जात नाहीत. उरलेले डॉलर कपाटात ठेवायचे तर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा ठेवता येतात, त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत बदलून घ्यायचे.

सोसायटीत कोणी घर बंद होतं म्हणून बिनभोगवटा शुल्क मागितलं, तर देऊ नका. ते भाड्याने दिलेल्या घराला लागतं, कुलूप लावलेल्या नाही, आणि भाड्याने दिलेल्यालाही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपलीकडे नाही. महानगर गॅसचं बिल बंद घराला अंदाजाने आलेलं असतं. मीटरचा फोटो काढून आकडा कळवलात की पुढच्या बिलात हिशेब जुळतो. गाडीची बॅटरी उतरलेली असणार, त्याआधी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा, विमा आणि पीयूसीची तारीख बघा, मगच मेकॅनिक.

माणसांचं मात्र थांबत नाही. सहा महिन्यांत इमारतीत, नात्यात कोणीतरी गेलेलं असतं. फोनवर तेव्हा बोलला असलात, तरी आल्यावर आधी तिथे जाऊन या, चॉकलेटं वाटायला नंतर निघा. हा क्रम चुकला की लोक बोलून दाखवत नाहीत आणि विसरतही नाहीत. मग जिने किल्ली सांभाळली ती शेजारीण. तिच्यासाठी आणलेली वस्तू बाकीच्यांच्या चॉकलेटांपेक्षा वेगळी हवी, हे सांगायला नको. तिसऱ्या, कामवाल्या मावशी. तुम्ही नव्हता तेव्हा त्यांनी तुमचं घर धरून ठेवायचं आणि पगार मात्र शून्य, असं चालत नाही. जायच्या आधी अर्धा पगार ठरवून द्यावा. ठरवलं नसेल तर परतल्यावर निदान दिवाळीच्या बोनसात भरून काढावं. नाहीतर त्यांनी तुमची वेळ दुसऱ्या घराला दिलेली असेल आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

कट्ट्यावर पहिल्या दिवशी लोक उत्सुकतेने विचारतील, तेव्हा मोकळेपणाने सांगा. चौथ्या दिवशी 'तिकडे कचरा कसा उचलतात' हा विषय स्वतःहून काढू नका. लोकांनी तो इतरांकडूनही ऐकलेला असतो, आणि रस्त्यावरचे खड्डे त्यांनाही दिसतात.

घरातली शांतता हा याहून कठीण भाग. सहा महिने नातवंडांच्या शाळेच्या बसवर दिवस बांधलेला असतो, आणि इथे सकाळी साडेसातला काहीच करायचं नसतं. पहिले पंधरा दिवस उदास वाटणं स्वाभाविक आहे, दोघांपैकी एकाला जास्त वाटतं. रोज तीनदा व्हिडिओ कॉल करून ते भरत नाही, उलट तिकडचे ऑफिसात असतात आणि इकडचे रुसतात. त्यापेक्षा आठवड्यात दोन ठरलेल्या वेळा ठेवा. रविवारी रात्री साडेआठला फोन केला तर न्यू जर्सीत सकाळचे अकरा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग ते दहा होतात. हे लक्षात ठेवा, म्हणजे नातू झोपेतून उठलेला नसताना आजीचा फोन जाणार नाही. आणि भजनी मंडळ, ग्रंथालय, ज्येष्ठ नागरिक संघ, जिथे तुमचं नाव होतं तिथली वर्गणी त्याच आठवड्यात भरून टाका. वर्गणी भरली की लोक बोलवायला येतात.

आता शेवटचं, पुढच्या खेपेसाठी. फ्रिजचं दार उघडं ठेवायचं राहिलं, रवा टाकायचा राहिला, न्हाणीच्या जाळीवर झाकण घालायचं राहिलं, किल्ली दोन घरी ठेवायला हवी होती, हे सगळं सध्या डोळ्यांसमोर आहे. दिवाळीचा फराळ झाला की विसरेल. म्हणून एका कागदावर लिहून तो पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. पुढच्या एप्रिलात तेच पाकीट तुम्ही आधी उघडणार आहात.